दोन्ही बाजूंची कागदपत्रे जपणारे डिचोलीतले वाचनालय

डिचोली तालुक्याच्या खाणपट्ट्यात एका गावी दोन खोल्यांचे एक सार्वजनिक वाचनालय आहे. त्याच्या बाहेरच्या खोलीत कथा-कादंबऱ्या, दिवाळी अंक आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके आहेत. ती खोली चांगली असली तरी तिच्याविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही. हा परिचय आहे आतल्या खोलीतल्या दप्तराचा आणि ते उभे करणाऱ्या ग्रंथपालबाईंच्या सेवेचा. गोव्यातील जमीन, पाणी, खाण किंवा भाषा यांपैकी कोणत्याही प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्याने येथे एकदा तरी यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाईंचे नाव मी देत नाही, कारण ते छापून आलेले त्यांना रुचणार नाही. त्यांची सारी नोकरी सरकारी ग्रंथालयात झाली. सरकारी सेवकाला वर्तणूक नियमांमुळे राजकारणात भाग घेता येत नाही, आणि तो नियम त्यांनी सेवेत असेपर्यंत काटेकोरपणे पाळला. त्या काळात त्या मोर्चाला गेल्या नाहीत की कुठल्या निवेदनावर त्यांनी सही केली नाही; पण मोर्चा पांगल्यावर रस्त्यावर पडलेली पत्रके त्या उचलून आणीत आणि त्यांच्या मागे पेन्सिलीने तारीख व ठिकाण लिहून ठेवीत. २००६ साली गोव्यातील जमिनीचा वापर ठरवणारा 'प्रादेशिक आराखडा २०११' अधिसूचित झाला, त्याविरुद्ध गोवाभर सभा झाल्या आणि २००७ च्या आरंभी सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्या काही महिन्यांतली पत्रके, हस्तलिखित सूचना आणि सभांची निमंत्रणे यांचा जो संच येथे आहे, तो त्यांच्या त्या सवयीचे फळ आहे. निवृत्तीनंतर त्या उघडपणे चळवळीत उतरल्या. आता ग्रामसभेत खाणीच्या धुळीविषयी आणि आटलेल्या झऱ्यांविषयी त्या जे बोलतात, ते ठरावाचा क्रमांक व दिनांक यांसह बोलतात.

गोव्याला दप्तराची परंपरा नवी नाही. १५९५ मध्ये पोर्तुगिजांनी येथे अभिलेखागार स्थापन करून दियोगु द कोतु या इतिहासकाराकडे ते सोपवले; विसाव्या शतकात डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी त्याच दप्तरातून पोर्तुगीज आणि मराठे यांच्या संबंधांचा इतिहास बाहेर काढला. पणजीतील त्या संग्रहाचे मोल कोणीही नाकारणार नाही. मात्र राज्यकर्त्यांचे दप्तर हे मुख्यतः राज्यकर्त्यांच्या सोयीने जमलेले असते. गावाने सरकारला जे लिहिले, त्याची पोच म्हणून शिक्का मारून मिळालेली प्रत, माहिती अधिकारातून आलेले उत्तर, नाकारलेल्या अर्जाची स्थळप्रत हे सारे घराच्या माळ्यावर पिशवीत पडून राहते, आणि घर पाडताना ती पिशवीही जाते. बाईंनी घरोघरी फिरून मुख्यतः हेच कागद गोळा केले आहेत, आणि माझ्या मते या वाचनालयाचे खरे वैशिष्ट्य तेच आहे.

कागद हाताळण्याची त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. आलेल्या गठ्ठ्यातील गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपलच्या तारा त्या प्रथम काढतात, कारण आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत गंज कागदाला भोक पाडतो; मग पाने पांढऱ्या सुती दोऱ्याने सैल बांधून कापडी रुमालात ठेवतात. जुन्या फॅक्सच्या चकचकीत कागदावरची अक्षरे काही वर्षांत उडून जातात, म्हणून त्यांची छायाप्रत त्याच दिवशी काढली जाते. दाखल नोंदवहीत कागद कोणी दिला, तो कोठे सापडला आणि त्याच्यासोबत दुसरे काय होते, यासाठी स्वतंत्र रकाने आहेत. हा शेवटचा रकाना मी अन्यत्र क्वचितच पाहिला आहे. एखादे पत्रक कोणत्या पावत्यांच्या मध्ये सापडले, यावरून ते कोणी वाटले याचा माग लागू शकतो.

वाचकाला येथे मिळणारी वागणूक हा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाण-लीजांचे नूतनीकरण रद्द केले आणि खाणी बंद पडल्या, तेव्हा या तालुक्यात शेतात गाळ शिरलेले लोक आणि ट्रकच्या कर्जाचे हप्ते थकलेले लोक एकाच वाड्यावर राहत होते. दोघांनाही आपापली बाजू मांडायला कागद हवे होते. मी तेथे बसलो असताना एक ट्रकमालक खाणींसंबंधीची जुनी राजपत्रे मागायला आले. खाण सुरू झाली पाहिजे, असे म्हणणारे ते गृहस्थ ग्रामसभेत बाईंच्या विरुद्ध बोललेले होते. बाईंनी रुमाल सोडला, त्यांना हवी ती पाने काढून दिली आणि वर म्हणाल्या, "भाऊ, १९८७ चा कायदाही बघून जा, पोर्तुगीज काळातल्या खाण-कन्सेशनांचे लीज त्यानेच झाले. त्याच्याशिवाय तुमचा अर्ज लंगडा पडेल." चळवळीतल्या माणसाने विरोधकाचा अर्ज भक्कम करून द्यावा, हे मला फार मोलाचे वाटले. राजकारण करणाऱ्या ग्रंथपालावर विश्वास कसा ठेवावा, अशी शंका घेणाऱ्यांना माझे उत्तर हेच आहे.

गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की वेगळा ठेवावा, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या जनमत कौलाचा विभागही असाच आहे. विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळेपणासाठी दोन पाने अशी तेव्हाची चिन्हे होती. वेगळेपणाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. आम्हा मराठी वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी त्या कौलाचे दुःख अजून जिवंत आहे, आणि बाईंचे घरही त्याला अपवाद नाही. तरीही विलीनीकरणवादी 'गोमन्तक' आणि विलीनीकरणविरोधी 'राष्ट्रमत' या दोन्ही मराठी दैनिकांची कात्रणे त्यांनी तारखेनुसार एकाच संचात लावली आहेत. सलग वाचत गेले की मराठीतूनच मराठी राज्याला दिलेले उत्तर समोर येते, आणि आपल्या बाजूचे काही युक्तिवाद किती तोकडे होते, हेही कळते.

उणिवा आहेत, आणि त्या लहान नाहीत. विषयवार सूची अपुरी आहे. कोणता कागद कोणत्या रुमालात आहे, हे बव्हंशी बाईंच्या स्मरणात आहे, आणि त्या आंदोलनासाठी पणजीला गेल्या की आतली खोली बंद राहते. संग्रह माणसावर इतका अवलंबून असणे धोक्याचे आहे. सूची संगणकावर चढवायला एखादा शिकाऊ ग्रंथपाल तातडीने नेमावा, असे मी व्यवस्थापनाला लेखी कळवले आहे. दुसरा आक्षेप बाहेरच्या काचपेटीविषयी आहे. तिच्यात केवळ खाणविरोधी आंदोलनाचे फलक मांडले आहेत. आतल्या रुमालांत जो समतोल आहे, तो दारातही दिसला पाहिजे, नाहीतर तो ट्रकमालक उंबरठ्यावरूनच परतला असता. बाईंना हे पटलेले नाही. मुखपृष्ठावर आपले मत लिहिण्याचा हक्क मला आहे, असे त्यांचे म्हणणे आहे.

जाणाऱ्यांनी आधी निरोप द्यावा आणि सकाळीच पोहोचावे. मूळ कागद बाहेर नेता येत नाहीत. छायाप्रती रास्त दरात मिळतात, मात्र जीर्ण पानांचे फक्त छायाचित्र काढू देतात. मोडीतील कागद बाई स्वतः वाचून दाखवतात, पोर्तुगीज मजकुरासाठी जाणकार सोबत न्यावा लागतो. जमिनीच्या प्रश्नासाठी जाणाऱ्याने आपला एक-चौदाचा उतारा (सातबाऱ्यासारखी गोव्यातील जमिनीची नोंद) आणि सर्व्हे क्रमांक जवळ ठेवावा, म्हणजे शोध पुष्कळ लवकर होतो. घरी जुनी निवेदने किंवा पत्रके असतील तर तीही घेऊन जावीत. बाई दात्याला नोंदीची सही-शिक्क्याची प्रत देतात.