बचत गटाचा मक्याचा भरडा: लापशीला उत्तम, पण आधी चाळा

बुलडाण्याकडच्या आठवडी बाजारात बचत गटाच्या दुकानावर मक्याचा भरडा अर्ध्या किलोच्या पाकिटात मिळतो. सकाळच्या गोड लापशीसाठी माल खरंच चांगला आहे. रंग पिवळाधमक, खडा-कचरा नाही, आणि दाणा अंकुरासकट भरडलेला, त्यामुळे चवीला भरीव.

खोट आहे ती दळणात. भरडा एकसारखा नाही. चार वाट्यांत पाऊण वाटी तरी नुसतं पीठ निघतं. हे पीठ उकळत्या पाण्यात पडलं की वरून चिकटतं, आत कोरडं राहतं आणि गाठी होतात. रव्याच्या चाळणीनं चाळून घ्या. खाली पडलेलं पीठ भाकरीच्या ज्वारीत खपतं.

तिघांना एक वाटी भरडा पुरतो. चमचाभर तुपात मंद आचेवर पाच मिनिटं भाजा, गार होऊ द्या, मग दोन वाट्या थंड पाण्यात अर्धा तास भिजवा. गंजात आणखी दोन वाट्या पाणी उकळून त्यात भिजलेला भरडा पाण्यासकट ओता आणि वीस-पंचवीस मिनिटं शिजवा. बूड जाड हवं आणि पळी तळापर्यंत फिरवावी, नाहीतर लागलंच समजा. कणी दोन बोटांत दाबून पाहा: मधे टणक ठिपका लागला तर अजून शिजायची आहे. तोवर गूळ टाकायचा नाही, गुळात कणी निबर राहते. शिजल्यावर अर्धी वाटी चिरलेला गूळ, वेलची आणि चिमूटभर मीठ घाला. गंज उतरवून पाच मिनिटांनी वाटीभर कोमट दूध. उकळत्या लापशीत गूळ-दूध एकत्र पडलं की दूध फाटायची भीती असते.

100 ग्रॅम मक्यात प्रथिनं 9 ग्रॅमच्या आसपास, पण त्यात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन हे प्रथिनांतले गरजेचे घटक कमी. दूध आणि दोन चमचे शेंगदाण्याचा कूट ही उणीव बरीच भरून काढतात. लेकरांच्या वाटीत कूट घालाच. गव्हाची लापशी ज्यांना चालत नाही, त्यांनाही ही चालते, फक्त चक्कीत आधी गहू दळलेला नसावा. साखरेच्या रुग्णांनी मात्र गुळाला निरुपद्रवी समजू नये.

पाकिटावर दळल्याची तारीख नाही, ही दुसरी तक्रार. अंकुरातल्या तेलामुळे असा भरडा उन्हाळ्यात लवकर खवट होतो. विचारून ताजाच घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कुबट वास किंवा हिरवट-काळे ठिपके दिसले तर फेकून द्या, कारण बुरशीचं विष शिजवूनही जात नाही.