जुन्या मिक्सरला नवं बुश, कपलर, कार्बन: 14 महिन्यांनंतर

मिक्सर 750 वॅटचा, तीन भांड्यांचा, चांगला जुना. नवा घेण्याऐवजी मोठ्या भांड्याचं बुश (तळाची नळी, जिच्यात पात्याचा शाफ्ट म्हणजे दांडा फिरतो), मोटरवरचा कपलर (मोटरची फिरकी भांड्याला देणारा दातेरी तुकडा) आणि कार्बनची जोडी (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे दोन छोटे ठोकळे) बदलली. त्याला 14 महिने झाले. रोजचं ओल्या खोबऱ्याचं वाटण, आठवड्याला दोनदा इडलीचं पीठ, अधूनमधून दाण्याचं कूट, सगळं नीट निघतं. आवाज नव्यापेक्षा थोडा जास्त आहे, तेवढाच फरक.

आधी कपलर, कारण मिक्सर ‘गेला’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा हाच गेलेला असतो. मोटर फिरते, पातं फिरत नाही, कटकट आवाज येतो. वर बघितलं की दाते गोल झालेले आणि भोवती काळा भुगा दिसतो. पातं अडकलं तर मोटरऐवजी दाते तुटावेत म्हणूनच तो मऊ असतो, त्यामुळे तो झिजला यात मिक्सरचा दोष नाही. भांडं नीट बसायच्या आत बटण फिरवणं किंवा मोटर थांबायच्या आत भांडं उचलणं, यानेच दाते जातात. बदलताना प्लग काढून तळाचं झाकण उघडायचं, मोटरचा शाफ्ट खालून पकडीने धरायचा आणि पातं ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला कपलर फिरवायचा. उलट जोर लावला तर तो आणखी आवळतो. भांड्याखालच्या कपलरचे दातेही बघावेत. ते झिजलेले असतील तर नव्याला महिन्या-दोन महिन्यांत खातात.

खरी काळजी बुशची. ते सैल झालं की भांड्यातलं पाणी शाफ्टवरून खाली झिरपतं आणि थेट मोटरवर टपकतं. भांडं अर्धं पाण्याने भरून 15 मिनिटं वर्तमानपत्रावर ठेवावं. कागद ओला झाला किंवा काळा तेलकट डाग पडला, तर ते भांडं त्या दिवसापासून बंद. पातं चिमटीत धरून आडवं हलवावं: वरखाली किंचित हललं तर चालतं, आडवं डुगडुगलं तर बुश गेलं. बुश आणि पात्याचा शाफ्ट एकदमच बदलावेत, झिजलेला शाफ्ट नवं बुश लवकर खराब करतो. भांडी रात्रभर पाण्यात भिजत घालणं मात्र बंदच करायला हवं.

कार्बन दोन्ही एकाच वेळी, त्याच मापाचे. बसवल्यावर रिकामी मोटर थोडा वेळ कमी वेगावर चालवली की त्यांची टोकं गोलाईला बसतात. सुरुवातीला ठिणग्या जास्त दिसतात, मग कमी होतात. नाही झाल्या तर कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल भाग) झिरो नंबरच्या काचपेपरने पुसावा. काळा एमरी पेपर वापरू नये, त्याची कणी वीज वाहून नेते.

घट्ट पीठ वाटताना बंद पडला तर तळाचं लाल बटण (जास्त ताण आला की मोटर बंद करणारं) दाबायच्या आधी 5 मिनिटं थांबावं आणि पीठ दोन घाण्यांत वाटावं. हळकुंड आधी खलबत्त्यात फोडूनच घालावं. झाकणाचं रबर कडक झालं की बदलायचं, बस.

कम्युटेटरला खोल चर पडले, जळक्या वार्निशचा वास सुटला, आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग) काळं पडलं, की हा मिक्सर संपला. रिवाइंडिंग (नव्या तारा गुंडाळणं) होतं, पण झिजलेल्या बेअरिंगवर ते पैसे घालणं मला पटत नाही. तेव्हाही चांगली भांडी, वायर आणि स्विच काढून ठेवायचे, उरलेली मोटर भंगारवाल्याला.