ग्रेलिंगसाठी पुण्यातून काय बांधून न्यावं: रेड टॅग की किलर बग?

पवनेवर नाहीतर मुळशीला गळ टाकणारी आणि थंडीत मुलाबाळांकडे इंग्लंडला जाणारी बरीच मंडळी आहेत. तिकडे पोचावं तर ट्राउटचा हंगाम संपलेला असतो. ग्रेलिंगचं तसं नाही. एडिपोज पर (पाठीवर शेपटीजवळ असणारा छोटा मांसल पर) असलेला, ट्राउटच्याच घराण्यातला मासा असूनही इंग्लंडच्या नद्यांत तो 16 जून ते 14 मार्च धरता येतो. त्याची वीण वसंतात होते, त्यामुळे ऐन डिसेंबरात तो अंगाने भरलेला असतो. परवाना, रॉड, लाइन हे सगळं तिकडे बघता येतं. फ्लाय, म्हणजे हुकावर पीस-लोकर गुंडाळून केलेली किड्यासारखी आमिषं, मात्र इथूनच बांधून न्याव्यात अशी हौस असते, आणि वेळ थोडा असला की निवड करावी लागते.

माझ्या दृष्टीने ती दोन फ्लायमध्ये आहे. एक रेड टॅग, वूस्टरशरमधली एकोणिसाव्या शतकातली जुनी फ्लाय: लाल लोकरीची आखूड शेपटी, मोरपिसाच्या तंतूंचं अंग, पुढे तांबूस कोंबड्याच्या मानेचं पीस. दुसरी किलर बग. ती फ्रँक सॉयर यांची. ते विल्टशरमधल्या एव्हन नदीची राखण करायचे. ट्राउटच्या पाण्यातले ग्रेलिंग कमी करायला त्यांनी ती बांधली, आणि पुढे ग्रेलिंगवर प्रेम करणाऱ्यांनीच ती उचलली.

रेड टॅगवर मासा घ्यायची मजा वेगळीच, हे आधी कबूल करतो. ग्रेलिंग तळाशी असतो, तिथून तो जवळजवळ सरळ वर येतो. अनेकदा फ्लाय हुकते, मासा खाली जातो आणि तीच फ्लाय परत टाकली की पुन्हा वर येतो. ट्राउट एवढी संधी सहसा देत नाही. मुलगी लीड्सला असते, त्यामुळे माझं पाणी म्हणजे वार्फ नदी. ऑक्टोबरातल्या एखाद्या उबदार दुपारी तिथे वर उठणारे मासे दिसले, तर मी आजही दुसरी फ्लाय बांधणार नाही.

माझं घोडं अडलं ते मोरपिसापाशी. आपल्याकडे मोरपीस कुठे नसतं? देवघरात असतं, जत्रेत मिळतं. गळून पडलेल्या पिसांची देशात खरेदी-विक्रीही चालते. पण मोराची पिसं आणि त्यांच्या वस्तू यांच्या निर्यातीला बंदी आहे. हुकावर गुंडाळलेले दोन-तीन तंतू म्हणजे किती, असं कोणी म्हणेल. मला मात्र राष्ट्रीय पक्ष्याचं पीस बॅगेत घालून विमानतळावर उभं राहणं पटत नाही, मग ते तंतूभर का असेना. म्हणजे घरात पिसांची जुडी असूनही ती इथेच ठेवायची, तिकडच्या दुकानातून मोरपिसाचं पाकीट घ्यायचं, आणि व्हाइस (हूक धरून ठेवणारा चिमटा), दोरा, कात्री सगळं सामान घेऊन मुलीच्या जेवणाच्या टेबलावर फ्लाय बांधत बसायचं. हिरवट कृत्रिम धागा वापरून पाहिला. रंग जमतो, पण मोरपिसाचा तंतू ओला झाल्यावर हिरव्यातून तांबूस होत जी झळाळी देतो, ती त्यात येत नाही. शिवाय हा तंतू नाजूक. बारीक तार उलट्या दिशेने वेटाळली तर बरा टिकतो, तरी काही मासे झाले की अंग उसवायला लागतं.

किलर बगला पीसच लागत नाही. लोकर, तांब्याची तार आणि हूक, बस्स. दोराही नको. तार तपकीर गल्लीत मिळते, मोटर वाइंडिंगची, लाखेचा लेप असलेली. त्यातली बारीक घ्या. लोकरीत मात्र थोडं लक्ष घालावं लागतं. सॉयर वापरायचे ती चॅडविकची 477 नंबरची रफूची लोकर कधीच बंद झाली. फिकट करडी, किंचित गुलाबी झाक असलेली लोकर रविवार पेठेत धुंडाळावी. लोकर म्हणून मिळणारे बरेच गुंडे अॅक्रिलिकचे असतात, म्हणून एक धागा जाळून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि चिमटीत तिची राख होते. अॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. मग तार गुंडाळलेल्या हुकावर लोकर चढवून वाटीभर पाण्यात बुडवा. कोरडी असताना ती अगदी निर्जीव दिसते. भिजली की आतलं तांबं झिरपल्यासारखं वर येतं आणि सगळं अंग कोळंबीसारखं गुलाबीसर होतं. तो रंग दिसला नाही तर तो गुंडा स्वेटरला ठेवा.

बांधणी सोपी आहे. हुकावर तारेचे थर, त्यावर लोकरीचे फेरे, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळते, शेवट शेपटीकडे तारेनेच आवळायचा. पाण्यात ती प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकून बुडू द्यायची आणि मासा असेल त्या जागेजवळ आली की रॉडचं टोक हलकेच उचलायचं. थंडीत ग्रेलिंग तळ सोडत नाही, तोंडही खालच्या बाजूला वळलेलं, त्यामुळे फ्लाय त्याच्या वाटेत येते. तळाच्या गोट्यांवर घासून लोकर पिंजारली तरी मासे घेतात. मला तर जरा पिंजारलेलीच जास्त चालली असं वाटतं.

एक उणीव आहे. ही फ्लाय एव्हनसारख्या संथ, नितळ पाण्यासाठी घडली. वार्फच्या जोरदार धारेत ती कधी कधी तळापर्यंत पोचत नाही. टंगस्टन मण्यांच्या फ्लाय तिथे लवकर बुडतात हे खरं, पण त्या तिकडे कुठेही विकत मिळतात.

तुमचं जाणं सप्टेंबर-ऑक्टोबरातलं असेल आणि तिकडे बसून बांधायची तयारी असेल, तर रेड टॅगला नाही म्हणू नका. नाताळच्या सुमारास जाणार असाल तर मी किलर बगच नेईन. 12 आणि 14 नंबरचे हूक घ्या, टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. निम्म्यांवर तारेचे दोन थर आणि निम्म्यांवर चार थर द्या, आणि डबीत दोन्ही वेगळ्या ठेवा, कारण लोकर चढल्यावर कुठली जड ते बघून कळत नाही.