दुहेरी सांध्याचं स्नॅफल, आठ महिन्यांनंतर: घोडा मागे सरकतो का?

सरकतो. पण स्नॅफलमुळे (लगामाचा घोड्याच्या तोंडात बसणारा लोखंडी तुकडा) किती आणि माझ्या हातांमुळे किती, याचा हिशोब जरा गुंतागुंतीचा आहे, म्हणून हे लांबलचक लिहितेय.

माझा घोडा मुन्शी थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा. महालक्ष्मीला पळून निवृत्त झाला, आता घोडबंदर रोडच्या आतल्या अंगाला एका छोट्या तबेल्यात असतो. मी आठवड्यातून चार सकाळी जाते. चालणं, दुडकी, वळणं सगळं ठीक. पण पाठीवर बसून मागे सरकवायला गेलं की मान आभाळाकडे, तोंड उघडं, पाठ खोलगट आणि चारही पाय रोवलेले. अजून ओढलं तर साहेब पुढे निघायचे! घोडं पेंड खात होतं ते इथेच, अगदी शब्दशः. शर्यतीच्या घोड्याला लगामाचा ताण ही रेलायची जागा वाटते. जॉकी धरतो, घोडा त्यावर रेलून पळतो. मी थांबवायला ओढत होते आणि त्याला वाटत होतं, निघायचंय.

मला मात्र दोष लोखंडात दिसला. त्याचं जुनं स्नॅफल एकाच सांध्याचं होतं. ओढलं की ते अडकित्त्यासारखं मिटतं. म्हणून दिवाळीनंतर कानपुरी बनावटीचं दुहेरी सांध्याचं मागवलं: स्टीलचं, सैल कड्यांचं, मधे तांब्याचा चपटा मणी. किंमत दोन हजारांच्या आत. दोन सांध्यांमुळे ते जिभेवर पसरून बसतं, एका जागी टोचत नाही.

पहिली चूक मापाची. घोडा मोठा दिसतो म्हणून डोळे झाकून साडेपाच इंची घेतलं. ते तोंडात डावी-उजवीकडे सरकायचं आणि मुन्शी मान तिरकी करून चालायचा. मग सुतळी तोंडातून आडवी घेतली, दोन्ही ओठांच्या कडेला गाठी मारल्या आणि मोजलं, तर पाच इंचीच लागत होतं. दोन्ही बाजूंना चार-पाच मिलिमीटर सुटले की पुरे. दुकानदाराने बदलून दिलं नाही, दुसरं विकत घ्यावं लागलं.

दुसरी गोष्ट दातांची. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार होतात. डॉक्टरांनी तोंडात हात घालून दाखवलं तेव्हा मलाच ओशाळल्यासारखं झालं. कानशीने दाढा घासून घेतल्या आणि मान उडवणं अर्ध्यावर आलं. तेव्हा नवीन लगामाच्या आधी दात बघा.

आता खरं शिकवणं. आमचे सईसमामा, म्हणजे तबेल्यात घोड्यांची देखभाल करणारे, आधी माथेरानला होते. तिथे खासगी मोटारींना बंदी, बरीच ने-आण घोड्यांवर, त्यामुळे अरुंद वाटेवर घोडा मागे घेणं त्यांना रोजचंच. माझी ओढाताण बघून म्हणाले, "ताई, रस्सीखेच खेळताय होय? त्याचं वजन बघा, तुमचं बघा." त्यांनी मला खाली उतरवलं. छातीवर दोन बोटं, "मागं" हा एकच शब्द, पाय हलला की बोटं लगेच दूर. पहिल्या दिवशी फक्त वजन मागे गेलं, पाऊल नाही. मामांनी तेवढ्यावरच मान्यता दिली. दहाव्या-बाराव्या दिवशी बोट टेकायच्या आधीच सरकायला लागला.

मग मी वर, मामा खाली. सरळ उभा करायचा, बसणं किंचित हलकं, दोन्ही पोटऱ्या नेहमीपेक्षा जराशा मागे, आणि हात ओढायचे नाहीत, नुसती मूठ मिटायची, ओला स्पंज दाबल्यासारखी. घोडा पुढे जायचा विचार करतो, समोर दार बंद दिसतं, मग मागे पाऊल टाकतो. त्याच क्षणी मूठ सैल. हा क्षण पकडायला मला दीड महिना लागला! स्नॅफलचं खरं कौतुक इथे आहे: सैल कड्यांमुळे मुठीतली एवढीशी हालचालही त्याला कळते. पण हात उशिरा सुटला, तर तो उशीरही तितकाच कळतो.

चौथ्या महिन्यात तीन-चार पावलं आली. पाय तिरक्या जोडीने उचलले जातात, दुडकीसारखेच. टापा दोन-दोनाच्या तालात ऐकू आल्या की बरोबर. पाय फरफटले तर मी थांबते. मागचा भाग उजवीकडे निसटायचा, म्हणून उजव्या अंगाला कुंपण ठेवून सराव केला. ठीक पाठीमागे घोड्याला दिसत नाही, त्यामुळे तो तुमच्यावर विश्वास टाकूनच सरकतो, हे लक्षात असू द्या. आता तो मागे सरकतो, त्यामुळे फाटकाची कडी मी घोड्यावर बसूनच लावते.

मधे एक भानगड झाली. शहाणा मुन्शी चौखूर पळायचं टाळायला आपणहून मागे धावू लागला. तेव्हापासून दोन पावलं मागे झाली की लगेच पुढे चालवायचं, हा नियम.

तक्रारी दोन. पाचव्या महिन्यात कड्यांची भोकं झिजून कडा धारदार झाल्या, ओठाच्या कोपऱ्याला चीर पडली. आठ दिवस लगामच नाही. नंतर रबरी चकत्या लावल्या, त्या पहिल्या दिवसापासूनच लावायला हव्या होत्या. दुसरी, तांब्याने लाळ सुटते म्हणतात, मला फरक दिसला नाही. ठाण्याच्या पावसात स्टीलला काही झालं नाही, चामड्याच्या पट्ट्यांना मात्र बुरशी आली. रोज पुसावं लागतं. जुलैत मैदानाचा चिखल झाला तेव्हा मागचे पाय घसरायला लागले, म्हणून दोन आठवडे हा सराव पूर्ण बंद ठेवला.

पाचव्या पावलाला अजून वाकडा होतो. साडेपाच इंची स्नॅफल माझ्याकडे तसंच पडून आहे. कोणाचा घोडा रुंद तोंडाचा असेल तर अर्ध्या किमतीत घेऊन जा. आधी सुतळी मात्र लावा.