एकाच प्रोग्रामला खिडकी पण आणि कमांड पण: पायसाईड ६, आर्गपार्स, पायइन्स्टॉलर – कित्येक महिने वापरल्यावर

सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यासाठी लेबलचा प्रोग्राम बनवलाय, एक्सेलमधली ऑर्डर द्यायची की बारकोडसकट लेबलांची पीडीएफ तयार. दिवसा ऑफिसातल्या ताई खिडकी उघडून एकेक ऑर्डर नजरेखालून घालतात आणि रात्री विंडोजचा टास्क शेड्यूलर (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारा) तोच प्रोग्राम कमांडने चालवून अख्खं फोल्डर उरकतो. प्रोग्राम पायथनमधला: खिडकी पायसाईडने बनवलीय, कमांडसोबत दिलेले पर्याय आर्गपार्स वाचतं आणि पायइन्स्टॉलर त्याची एक्सई, म्हणजे विंडोजवर थेट चालणारी फाईल, बनवतो.

खरा फायदा कशाने झाला सांगू? एक्सेल वाचणं, तपासणं, पीडीएफ काढणं हे सगळं वेगळ्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे कोडच्या स्वतंत्र भागात ठेवलंय, त्याला बटणही माहीत नाही आणि कमांडही. मध्येच पार्टीने साईज इंचाऐवजी सेंटीमीटरमध्ये मागितली, एका जागी बदललं, दोन्हीकडे लागू. आणि हे मॉड्यूल स्वतः कधीच मेसेज बॉक्स दाखवत नाही, नुसता एरर वर पाठवतं, मग खिडकी त्याचा बॉक्स करते आणि कमांड शून्य सोडून दुसरा एक्झिट कोड देते (संपताना दिलेला आकडा, शून्य नसला तर काम फसलं). रात्री बॉक्स उघडला तर ओके दाबायला कोण बसलंय तिथे, सकाळपर्यंत सगळं अडकून राहणार.

विंडोजवर डोकं लावावं लागतं ते वेगळ्याच ठिकाणी. एक्सई कन्सोलची (कमांडच्या काळ्या खिडकीत चालणारी) की खिडकीची हे बनवतानाच ठरतं. खिडकीची केली तर प्रिंट केलेलं कुठेच दिसत नाही आणि प्रॉम्प्टवरून चालवली तर प्रॉम्प्ट लगेच परत येतो, काम संपायची वाट बघत नाही. कन्सोलची केली तर ताईंच्या स्क्रीनवर मागे काळी खिडकी. त्यामुळे सरळ दोन एक्सई करा, पायइन्स्टॉलरच्या एकाच स्पेक फाईलमधून (एक्सई कशी बनवायची ते लिहिलेली फाईल) दोन्ही निघतात आणि लायब्ररींचं फोल्डर दोघींना एकच. पायथनचं स्वतःचं पण पायथन (कन्सोलचं) आणि पायथनडब्ल्यू (बिनकन्सोलचं) असं वेगळं आहेच की.

कमांडवाल्या बाजूला पायसाईड इम्पोर्टच करू नका, उगाच उशीर होतो.

मराठी नावं लॉग फाईलमध्ये वळवली की एन्कोडिंगचा एरर येऊ शकतो, म्हणून सुरुवातीलाच आउटपुट यूटीएफ-८ (देवनागरीसकट सगळ्या लिप्या चालणारं एन्कोडिंग) करून टाका. पार्टीचं नाव देवनागरीत असलं तरी मग लॉग व्यवस्थित येतो.

आणि वनफाईलच्या (सगळं एकाच एक्सईत भरलेल्या बिल्डच्या) नादी लागू नका, ती दरवेळी आधी टेम्प फोल्डरमध्ये सगळं सोडवते मग सुरू होते, कमांड परत परत चालवायची असेल तर फोल्डरवालंच बिल्ड घ्या.