दुकानात दाखवला एक टीव्ही, भिंतीवर लावून गेले दुसराच

महागडा टीव्ही घ्यायला निघालेल्या गोव्यातल्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लिहितेय. प्रकरण ग्राहक आयोगाकडे असल्यामुळे दुकानाचं नाव देत नाही, कंपनीचंही देत नाही. पण आम्हाला कसं फसवलं ते सविस्तर सांगते. त्यातली एकेक गोष्ट एकटी बघितली तर अगदी साधी वाटते आणि सगळ्या जुळल्या की चाळीसेक हजारांचा गंडा होतो.

मी डिचोलीची. नोकरी पणजीला. घरी आले की प्लेस्टेशन ५ वर खेळते आणि नोव्हेंबरात रजा टाकून इफ्फी या चित्रपट महोत्सवाला सिनेमे बघते. घरच्या पडद्यावरही अंधारातलं दृश्य अंधारासारखंच दिसावं, राखाडी नको, एवढा माझा आग्रह. त्यामुळे काय हवं ते आधीच ठरलेलं होतं. ६५ इंच, मिनी एलईडी (मागचे दिवे छोट्या छोट्या भागांत मंद होणारा), पॅनेल मुळातच १२० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं दाखवणारं, आणि कन्सोल जोडायच्या निदान दोन एचडीएमआय पोर्टांवर ४के १२०, म्हणजे पूर्ण ४के तपशिलासह तोच वेग. ओएलईडी नको म्हटलं, कारण आमचे बाबा सकाळपासून बातम्यांची वाहिनी लावून बसतात. वाहिनीचं चिन्ह आणि खालची पट्टी तासन्‌तास एकाच जागी राहिली तर ओएलईडीवर त्याचा डाग कायमचा बसू शकतो.

२०२५ ची चवथ २७ ऑगस्टला होती. त्याआधीच्या दिवसांत मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर येणार अशी बातमी फिरत होती (तो पुढे २२ सप्टेंबरला खरोखरच उतरला). लोक खरेदी पुढे ढकलत होते आणि दुकानदार हवालदिल झाले होते. आम्ही ज्या दुकानात गेलो तिथल्या सेल्समनने हाच धागा पकडला. "पात्रांव, कर कमी झाल्यावर जो भाव लागेल, तोच मी आज देतो. चवथीला घरात नवा टीव्ही पाहिजे ना?" किंमत चांगली का, याचं कारण इतकं पटण्यासारखं होतं की संशयाला जागाच राहिली नाही.

प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरं तो बाबांकडे बघून देत होता. तरीही मी एकही प्रश्न सोडला नाही. पॅनेल नेटिव्ह, म्हणजे मुळातच, १२० हर्ट्झचं आहे का? "शंभर टक्के." एचडीएमआय २.१ किती पोर्टांना? "दोन." व्हीआरआर, म्हणजे खेळाच्या वेगाप्रमाणे पडद्याचा वेग बदलणं? "सगळं आहे." मी त्याला शोरूमचा भडक डेमो मोड काढायला लावला, माझ्या पेनड्राइव्हवरचं रात्रीचं दृश्य लावलं, हॉलमधले दिवे घालवता येत नव्हते म्हणून कोपऱ्यात हाताने आडोसा करून काळा रंग बघितला. टीव्ही उत्तम होता. खाली किमतीचं कार्ड होतं, त्यावर पूर्ण मॉडेल क्रमांक. त्याचा फोटो काढला. भाव ठरला १,१८,०००.

दुकानात लावलेला तो टीव्ही अस्सल होता. शोरूममध्ये कितीही बारकाईने तपासलं असतं तरी काही सापडलं नसतं, कारण खोट तिथे नव्हतीच.

पैसे घेतल्यावर हातात आलं ते कच्चं बिल. त्यावर लिहिलं होतं "६५ इंच ४के गेमिंग टीव्ही, १२० हर्ट्झ". मॉडेल क्रमांक लिहा म्हटलं, तर त्याने सीरिजचं नाव खरडलं आणि म्हणाला, "पूर्ण नंबर पक्क्या बिलावर सिस्टीममधून आपोआप येतो. पक्कं बिल मालाबरोबर." तो शिक्का मारून देत होता, मागे माणसांची रांग लागली होती, शेठ स्वतः गल्ल्यावर बसलेले.

टेंपो आला तो मी कामावर असताना. बाबा घरी एकटे. पाऊस धो धो. दुकानाची दोन माणसं टीव्ही घेऊन आली. खोक्याचं सील आधीच फोडलेलं. "पावसात खोका भिजतो म्हणून दुकानातच उघडून आत प्लास्टिक घातलं," असं सांगितलं. आमच्याकडचा ऑगस्ट ज्याने बघितलाय त्याला यात खोटं काय वाटणार? बसवायला कंपनीचा माणूस येईल असं ठरलं होतं, तो आला नाही. "चवथीच्या गर्दीत तो आठवडाभर मिळणार नाही, आम्हीच लावतो." आणि त्यांनी तो लगेच भिंतीवर चढवला. जाताना म्हणाले, खोका आम्ही नेतो, तुमची अडगळ नको. बाबांनी नको म्हटलं, वॉरंटी संपेपर्यंत खोका ठेवायची आमच्या घरची जुनी सवय. त्यावर तो माणूस दोनदा आग्रह करून गेला. आज माझ्या हातात जे पुरावे आहेत त्यातला एक मोठा पुरावा म्हणजे तो खोका.

रात्री कन्सोल जोडला. खेळ सुरू केला आणि हालचाल जशी दिसायला हवी तशी दिसेना. आधी मी टीव्हीवर संशय घेतलाच नाही. कन्सोलबरोबर आलेली केबलच वापरली. एकेक करून सगळे पोर्ट बघितले, कारण बऱ्याच टीव्हींमध्ये ४के १२० सगळ्या पोर्टांना नसतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टाचा सिग्नल साध्यावरून वरच्या दर्जाला नेला. तेही बऱ्याचदा बंदच येतं. मग प्लेस्टेशनच्या व्हिडिओ आउटपुटच्या माहितीत गेले. समोर जोडलेला पडदा काय काय घेऊ शकतो ते तिथे दिसतं. २१६०पी, म्हणजे ४के, समोर फक्त ६० हर्ट्झ. १२० होतं ते १०८०पी, म्हणजे साध्या फुल एचडी, समोर.

टीव्ही भिंतीला टेकलेला. मागे हात जाईना. मी फोनचा फ्लॅश लावून फोन फटीतून आत सरकवला, अंदाजाने फोटो काढत गेले. बरेच फोटो नुसते पांढरे आले, मग एकात चांदीच्या रंगाचं लेबल पकडीत आलं. दुकानातल्या कार्डाचा फोटो शेजारी धरला. सुरुवातीची सगळी अक्षरं तीच, आकडा तोच, शेवटची दोन अक्षरं वेगळी. मग माळ्यावरचा खोका खाली काढला. बाजूच्या छापील लेबलावर तपकिरी टेप तिरपी मारलेली, बरोबर मॉडेल क्रमांकावरून. हळूच सोलली तर खाली तेच वेगळं मॉडेल. पक्कं बिल दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर आलं. वर्णनात "एलईडी टीव्ही ६५ इंच", एचएसएन (करासाठीचा मालाच्या प्रकाराचा क्रमांक) ८५२८, सीरियल क्रमांक. मॉडेलचा पत्ताच नाही. ठरलेला पूर्ण भाव मात्र वसूल केलेला.

कंपनीच्या ग्राहक सेवेला सीरियल क्रमांक सांगितला. त्यांनी स्पष्ट सांगितलं, हा क्रमांक खालच्या सीरिजचा. साधा बॅकलाइट, ६० हर्ट्झचं पॅनेल. दोन्हींच्या किमतीत सुमारे ४०,००० चा फरक.

दुकानात गेले तेव्हा सेल्समनने हसून माझ्याच टीव्हीचं माहितीपत्रक पुढे केलं. "मॅडम, हे बघा, १२० हर्ट्झ लिहिलंय." आणि लिहिलेलं होतंच. शेजारी बारीक अक्षरांत डीएलजी. हा प्रकार समजून घ्या, कारण सध्या मध्यम किमतीच्या कितीतरी टीव्हींवर तो छापलेला असतो. डीएलजी म्हणजे ड्युअल लाइन गेट. पॅनेल मुळात ६० हर्ट्झचंच. चित्राच्या ओळी एकामागून एक रंगवायच्या ऐवजी दोन-दोन ओळी एकदम, सारख्याच रंगवतात. वेळ निम्मा लागतो म्हणून सेकंदाला १२० चित्रं बसतात, पण वरून खाली २१६० ओळींचा तपशील १०८० वर येतो. तंत्र म्हणून त्याला माझा विरोध नाही, कमी पैशांत कुणाला तेवढं पुरत असेल तर जरूर घ्यावं. पण "नेटिव्ह आहे का" असं विचारल्यावर "शंभर टक्के" म्हणून हे गळ्यात मारणं हा सरळ खोटेपणा आहे.

"एचडीएमआय २.१" या शिक्क्याचंही तेच. त्या मानकात ४८ गीगाबिटपर्यंतचा वेग आहे, आधीच्या २.० मध्ये १८ होता. पण ४के १२०, व्हीआरआर, आपोआप गेम मोड लागणं ही सगळी वैशिष्ट्यं ऐच्छिक आहेत. त्यातलं एखादंच दिलं तरी विक्रेता २.१ म्हणून मोकळा होतो. तेव्हा विचारायचं ते "या पोर्टावर ४के १२० चालतं का" असंच, आणि शक्य असेल तर कन्सोल जोडून दाखवायला सांगायचं. "मोशन रेट २४०" वगैरे आकडे तर पूर्ण सोडून द्या, ते पॅनेलचा वेग सांगत नाहीत.

सिनेमा बघणाऱ्यांना वाटेल, आपल्याला खेळायचं नाही, मग १२० कशाला? सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. १२० ला २४ ने पूर्ण भाग जातो, प्रत्येक चित्र सारखा वेळ टिकतं. ६० ला जात नाही. मग एक चित्र जास्त वेळ, पुढचं कमी वेळ, असं होतं आणि कॅमेरा संथ फिरताना पडद्यावर बारीक हिसके जाणवतात. काही टीव्ही २४ चा सिग्नल ओळखून स्वतःला जुळवून घेतात, आमच्या भिंतीवरचा नाही. आणि काळा रंग! ज्या दृश्यासाठी मी दुकानात हाताचा आडोसा केला होता, तेच घरी लावलं तर पात्राच्या चेहऱ्यामागची रात्र धुक्यासारखी राखाडी. दुकानातल्या मिनी एलईडीत मागचे दिवे छोट्या छोट्या भागांत मंद होतात, यात ती सोयच नव्हती. मला सगळ्यात जास्त संताप त्या पडद्याकडे बघून आला.

दुकानाची उत्तरं दर वेळी बदलत गेली. आधी "हीच नवी आवृत्ती". मग "सॉफ्टवेअर अपडेट आलं की ४के १२० सुरू होईल". पॅनेलचा वेग अपडेटने दुप्पट होत नाही, हे त्यालाही माहीत असणार. मग "शेट फाल्यां येतलो" (शेठ उद्या येतील). शेवटी भिंतीवरच्या पाटीकडे बोट, खोका उघडल्यावर माल परत घेतला जाणार नाही. बाबांना बाजूला घेऊन "पोरीला खेळायलाच पाहिजे ना, चालतंय की" हेही सांगून झालं. बाबांनी तिथल्या तिथे त्याला सुनावलं की पैसे तिचे आहेत आणि बोलायचं ते तिच्याशी बोल.

ती पाटी बघून घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विक्रेत्याने जो दर्जा सांगितला त्यात कमी निघालं तर तोही दोषच धरला आहे. सदोष माल मुदतीत, आणि मुदत ठरलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानाचा सूर नरमला आणि टीव्ही बदलून देतो म्हणाले, पण वर "हाताळणी खर्च" मागितला आणि तक्रार मागे घेतल्याचं आधी लिहून द्या म्हणाले. मी नाही म्हटलं. लेखी नोटीस पाठवली, तिला उत्तर आलं नाही, मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार दाखल केली. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही, वकील असलाच पाहिजे असं नाही, आणि तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत २ वर्षं.

टीव्ही घरी येईल तेव्हा एवढं करा. सील फोडलेला खोका आत घेऊ नका, पाऊस असो वा नसो. खोक्यावरचं लेबल, टीव्हीच्या पाठीवरचं लेबल आणि दुकानातल्या कार्डाचा फोटो, तिन्हींतला मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, आणि हे भिंतीवर चढवण्याआधी. खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि एमआरपी असते, तीही बघा. पक्क्या बिलावर मॉडेल आणि सीरियल दोन्ही असल्याशिवाय बाकीचे पैसे सोडू नका. घरात वडीलधारं माणूस एकटं असेल त्या वेळी डिलिव्हरी घ्यायचीच नाही, तारीख बदलून मागा.

मी हे ओळखीच्या लोकांत सांगायला लागल्यावर साखळी गावातल्या एका कुटुंबाने आपला खोका तपासला. त्याच दुकानाचा, तसाच टेप लावलेला, आत खालच्या सीरिजचा टीव्ही. त्यांनीही आता तक्रार दाखल केली आहे आणि दोन्ही खोक्यांचे फोटो एकमेकांच्या तक्रारीला जोडले आहेत.