‘फक्त दाखवायला’ पाठवलेली पीडीएफ

गेली अकरा वर्षे मी सांगलीत राहून उत्पादनांची व्हेक्टर चित्रे, म्हणजे संगणकावर रेषा आणि आकारांनी रचलेली चित्रे, काढते. छायाचित्राइतकी खरी वाटणारी ही चित्रे लोणच्याच्या बरण्यांवर, तेलाच्या डब्यांवर आणि पंपांच्या माहितीपत्रकांवर छापली जातात. पाहणाऱ्याला ते छायाचित्र वाटते, यातच या कामाचे यश असते. मागील वर्षी एका साध्या फाइलमुळे माझी फसवणूक झाली. तशीच फाइल हे काम करणारे अनेक जण दर आठवड्याला निर्धास्तपणे पाठवतात हे मला ठाऊक आहे, म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

पुण्यात स्वतःची लहान जाहिरात संस्था चालवणाऱ्या एका गृहस्थांनी डिसेंबरमध्ये मला फोन केला. त्यांच्या ग्राहक कंपनीला आमरसाची काचेची बरणी आणि शेजारी कापलेला हापूस असे चित्र हवे होते. डिसेंबरात हापूस मिळत नाही, बरणीचे लेबलही अजून छापलेले नव्हते, त्यामुळे छायाचित्र काढणे शक्यच नव्हते. शिवाय तेच चित्र लहान पाऊचवर, खोक्यावर, टेम्पोच्या बाजूवर आणि वीस बाय दहा फुटांच्या होर्डिंगवर जायचे होते. कितीही मोठे केले तरी कडा न फुटणारे व्हेक्टर चित्र अशाच कामासाठी घेतले जाते. मोबदला ४८,००० रुपये ठरला, त्यांपैकी ८,००० आगाऊ आले आणि उरलेली रक्कम अंतिम फाइल देताना मिळणार होती. हे सारे बोलणे फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर झाले. सही केलेला एकही कागद नव्हता.

त्या बरणीवर मी एकोणीस दिवस काम केले. इलस्ट्रेटर या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये १९९८ पासून ग्रेडियंट मेश नावाची सोय आहे. तिच्यात आकृतीवर रेषांचे जाळे टाकून प्रत्येक गाठीला वेगळा रंग देता येतो आणि दोन गाठींमधले रंग एकमेकांत मिसळत जातात. आंब्याच्या फोडीवरची ओलसर चकाकी किंवा काचेच्या जाडीत दाटणारा केशरी रंग या जाळ्याशिवाय साधत नाही, आणि जाळे जितके दाट होते तितके ते हाताळणे अवघड जाते. मी एक रिकामी बरणी माझ्या खिडकीत ठेवून तिचे निरीक्षण करत असे. बरणीच्या खांद्यावर खिडकीच्या गजांचे प्रतिबिंब पडत होते आणि त्यांतला डावीकडून दुसरा गज थोडा वाकलेला आहे. मी तो तसाच काढला, कारण खोट्या सरळ रेषांपेक्षा अशा वाकड्या रेषेनेच काच खरी वाटू लागते.

काम संपल्यावर मी ग्राहकाला दाखवण्यासाठी एक जेपीजी पाठवले. त्यावर रविवारी संध्याकाळी त्या गृहस्थांचा फोन आला. “ताई, पार्टीला फक्त दाखवायचंय. जेपीजी मोठ्या पडद्यावर फाटतंय, एक पीडीएफ पाठवा ना. तुमचं नाव आडवं टाकून पाठवलंत तरी चालेल.” मी चित्रावर माझ्या नावाची तिरपी, फिकट पट्टी टाकली आणि पीडीएफ पाठवून दिली.

चूक इथेच झाली. इलस्ट्रेटरमधून पीडीएफ जतन करताना संपादनक्षमता कायम ठेवण्याचा एक पर्याय असतो आणि नेहमीच्या मांडणीत त्यावर आधीपासूनच खूण केलेली असते. ती तशीच राहिली, तर मूळ फाइलचे सगळे लेयर, म्हणजे एकावर एक रचलेले चित्राचे थर, त्या पीडीएफच्या पोटात जातात. समोरच्याने ती फाइल इलस्ट्रेटरमध्ये उघडायची, नावाच्या पट्टीचा लेयर पुसायचा, की अंतिम चित्र त्याच्या हातात येते. ती खूण काढली तरी धोका टळत नाही, कारण चित्र पीडीएफमध्ये व्हेक्टर स्वरूपातच राहते आणि हव्या त्या आकारात छापता येते. एवढी वर्षे हे काम करूनही मी पीडीएफला कागदावरच्या छापील प्रतीसारखेच समजत होते.

दोन दिवसांनी उत्तर आले की पार्टीने कल्पनाच बदलली, आगाऊ रक्कम तुम्ही ठेवून घ्या. मी विश्वास ठेवला, कारण असे नकार या व्यवसायात येतच असतात.

एप्रिलमध्ये मिरजेतील एका दुकानात आमरसाच्या खोक्यांची रास दिसली. मी एक खोके उचलून उजेडात धरले, तर बरणीच्या खांद्यावर डावीकडून दुसरा गज वाकलेला होता.

त्या गृहस्थांनी फोनवर शांतपणे सांगितले की ते छायाचित्र आहे आणि त्यांच्या छायाचित्रकाराने ते काढले आहे. मग मी थेट कंपनीला पत्र लिहिले. तिचे मालक सज्जन निघाले. त्यांनी मला संस्थेचे बिल दाखवले. त्यात ‘उत्पादन छायाचित्रण’ या नावाखाली ६५,००० रुपये लावलेले होते आणि ते त्यांनी पूर्ण चुकते केले होते. माझे काम छायाचित्र वाटावे म्हणून मी जे कष्ट घेतले, त्यांच्याच आधारावर ते माझे नाही असे सांगितले जात होते. या गोष्टीने मला पैशांपेक्षा जास्त दुखावले.

पुरावा उभा करायला मला तीन आठवडे लागले. इलस्ट्रेटरच्या आउटलाइन दृश्यात, म्हणजे रंग लपवून फक्त रेषा दाखवणाऱ्या दृश्यात, छायाचित्राच्या जागी फक्त रिकामी चौकट दिसते, तर माझ्या फाइलमध्ये जाळ्याच्या हजारो रेषा दिसतात. पण ती फाइल आता त्यांच्याकडेही होती, म्हणून एवढ्याने भागले नाही. उपयोग झाला तो रोज रात्री ऑनलाइन साठवलेल्या, तारीख असलेल्या अर्धवट प्रतींचा आणि खिडकीतल्या बरणीच्या मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रांचा. पूर्ण चित्र कोणीही उघडून दाखवू शकतो. अर्धवट चित्रे मात्र ते ज्याने काढले त्याच्याचकडे असतात.

वकिलांनी दोन गोष्टी समजावल्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार सर्वसाधारणपणे कलाकृतीचा पहिला मालक ती निर्माण करणारा असतो. मात्र कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन रंगवलेल्या चित्राच्या बाबतीत, उलट करार नसेल, तर काम सांगणाऱ्याला पहिला मालक मानणारी तरतूदही त्यात आहे, आणि समोरच्या वकिलांनी माझ्या ८,००० रुपयांच्या पावतीवरून तिचाच आधार घेतला. संगणकावरचे व्हेक्टर चित्र त्या तरतुदीत बसते का, यावर दोन्ही बाजूंची पत्रे अजून चालू आहेत. दुसरे असे की उद्यम ही लघुउद्योगांसाठीची सरकारी नोंदणी केलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे ४५ दिवसांच्या आत न देणाऱ्यावर व्याज लागते आणि त्यासाठी सरकारकडे तक्रार करता येते. ही नोंदणी विनाशुल्क असूनही मी ती केलेली नव्हती, आणि व्यवहारानंतर केलेल्या नोंदणीवर फार भिस्त ठेवू नका, असे वकिलांचे मत पडले.

आता मी काम सुरू करण्यापूर्वी एका पानाचा करार सही करून घेते. चित्राचे हक्क पूर्ण पैसे मिळेपर्यंत माझ्याकडे राहतील आणि ते कोणत्या वापरासाठी व किती वर्षांसाठी दिले आहेत, हे त्यात लिहिलेले असते. मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. मंजुरीसाठी मी बाराशे पिक्सेल रुंदीचे जेपीजीच पाठवते, आणि कोणाला बारकावे मोठे करून पाहायचे असतील तर व्हिडिओ कॉलवर माझा पडदा दाखवते. या अटी ऐकून दोन ग्राहक निघून गेले.

कंपनीच्या मालकांनी एका हंगामाच्या वापरापोटी मला १५,००० रुपये स्वतःहून दिले आणि पुढील छपाईत चित्र बदलण्याचे कबूल केले. पुण्याच्या गृहस्थांकडून उरलेले ४०,००० रुपये आजवर आलेले नाहीत.